धाकट्याचा प्रश्न

शाळेतील स्मरणदिन, उत्सव आणि सहली यांविषयी एक तक्रार पुष्कळदा ऐकू येते. जयंती आली की एक हार, पुण्यतिथी आली की एक भाषण आणि वर्षाअखेर एक सहल. यापायी अभ्यासाचे तास मात्र बुडतात, असे काही पालक म्हणतात. ही तक्रार अगदीच खोटी नव्हे. ज्या समारंभात पाहुण्यांनी बोलावयाचे आणि मुलांनी रांगेत बसून राहावयाचे, तो समारंभ संपताच मुलांच्या मनातूनही संपतो. काल कोणाची पुण्यतिथी होती, असे दुसऱ्या दिवशी विचारले तर निम्मा वर्ग एकमेकांकडे पाहू लागतो. परंतु म्हणून असे दिवस पाळूच नयेत, असे म्हणणे म्हणजे भाकरी करपली म्हणून चूल मोडण्यासारखे होईल. आठवण मुलांच्या स्वाधीन कशी करावी, हा यातील खरा प्रश्न आहे. या बाबतीत यहुदी अथवा ज्यू लोकांच्या शाळांत जे चालते ते पाहण्यासारखे आहे.

इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने जेरुसलेम येथील यहुद्यांचे मंदिर उद्ध्वस्त केले. पुढे अठराशेहून अधिक वर्षे या लोकांना स्वतःचे राज्य नव्हते. कोणी मोरोक्कोत राहिले, कोणी पोलंडमध्ये, कोणी येमेनच्या डोंगरात, तर कोणी आपल्या कोकणच्या किनाऱ्यावर. प्रत्येकाची बोली निराळी झाली, पोशाख निराळा झाला, ताटातील अन्नही निराळे झाले. तरीही वर्षातील एका ठराविक रात्री या साऱ्या घरांतून एकच कथा सांगितली जाऊ लागली, आणि अजूनही सांगितली जाते. गड नाही, राजधानी नाही, राजाचा पुतळा नाही. अशा स्थितीत एखादी आठवण इतकी वर्षे टिकली कशी? तिच्या रक्षणाचे काम लहान मुलांकडे सोपविलेले होते, हे त्याचे एक मोठे कारण होय.

ती रात्र वल्हांडण सणाची. यहुद्यांचे पूर्वज मिसर देशात गुलाम होते आणि मोशे याने त्यांना तेथून बाहेर काढले, अशी त्यांची प्राचीन कथा आहे. निघण्याची इतकी घाई झाली की, कणीक आंबण्यास वेळ मिळाला नाही. म्हणून या सणात बेखमीर भाकर खातात. ताटात कडू पाला असतो, तो गुलामगिरीच्या कडवटपणाची खूण. मिठाचे पाणी असते, ते अश्रूंची. खजूर किंवा इतर फळांचे एक घट्ट, मातकट रंगाचे गोड मिश्रण असते; गुलामांना ज्या चिखलाच्या विटा पाडाव्या लागत, त्या चिखलाची ती आठवण. चिखल गोड कसा, असे एखाद्या मुलाने विचारले तर घरातील मोठ्या माणसांची थोडी पंचाईत होते. पण मुलांनी विचारावे यासाठीच तर तो ताटात ठेवलेला असतो!

या रात्रीचा सर्वांत महत्त्वाचा भाग पुढेच आहे. घरातील वडीलधारे माणूस एकदम कथा सांगू लागत नाही. आधी सर्वांत धाकट्या मुलाने उठून विचारावयाचे की, आजची रात्र इतर रात्रींहून वेगळी का? आज बेखमीर भाकर का, कडू पाला का, खाद्य दोनदा बुडवून का घ्यावयाचे, टेकून का बसावयाचे? हे प्रश्न आले म्हणजे मग त्यांच्या उत्तरादाखल मिसर देशाची कथा सुरू होते. भाकरीचा एक तुकडा मुद्दाम लपविलेला असतो. तो मुलांनी शोधून काढावयाचा, आणि तो मिळेपर्यंत जेवण पुरे होत नाही. रात्र बरीच होते, डोळे पेंगतात. त्या तुकड्याच्या लोभाने तरी मुले जागी राहतात. जुन्या लोकांना बालमन चांगले ठाऊक होते, असेच म्हणावे लागेल.

यहुदी शाळांतून या सणाच्या आधी कित्येक दिवस तयारी चालते. खालच्या वर्गातील मुले ते चार प्रश्न पाठ करतात. मधल्या वर्गांतील, म्हणजे अकरा ते तेरा वर्षांच्या, मुलांकडून मात्र चांगला शिक्षक एवढ्याची अपेक्षा करीत नाही. यहुदी परंपरेत मुलगा तेराव्या वर्षी आणि मुलगी बाराव्या वर्षी आपल्या कृत्यांना स्वतः जबाबदार होते. त्या वयाच्या मुलाने पाठ केलेला प्रश्न विचारून थांबावे, हे बरे नव्हे. त्याने स्वतःचा एखादा प्रश्न आणावा. मिसर देशातून सर्वच गुलाम निघाले का? जे घाबरून मागे राहिले त्यांचे काय झाले? अशा प्रश्नांना पुस्तकात तयार उत्तर सापडेलच असे नाही.

मराठी भाषेचाही या रात्रीशी जुना संबंध आहे. वल्हांडणाच्या रात्री वाचावयाच्या पुस्तकाला हग्गादा म्हणतात. हा हग्गादा मराठी भाषांतरासह १८४६ मध्ये मुंबईस छापला गेला, आणि १८७४ मध्ये पुण्यास त्याची सचित्र आवृत्ती निघाली. त्या आवृत्तीतील चित्रांत भारतीय पोशाखातील स्त्रिया बेखमीर भाकरी तयार करताना दाखविल्या आहेत. हे पुस्तक ज्यांच्यासाठी निघाले ते बेने इस्राएल लोक. त्यांच्या परंपरेप्रमाणे त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगाव येथे फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया एवढीच माणसे वाचली. त्यांच्या वंशजांनी कोकणात तेलघाणे चालविले. शनिवारी ते घाणा बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. ज्या ज्या गावी ते राहिले त्या त्या गावावरून केहीमकर, दिवेकर, पेणकर, नवगावकर अशी आडनावे त्यांनी घेतली.

हिब्रू ग्रंथ आणि शिक्षक यांच्यापासून हे लोक कित्येक शतके तुटलेले होते. मग त्यांचे सण टिकले कसे? ते त्यांच्या स्वयंपाकघरांत टिकले. वर्षारंभाच्या सणाला ते ‘नव्याचा सण’ म्हणत. आणखी एकाला ‘खिरीचा सण’ हे नाव होते. जेरुसलेमच्या मंदिराचा नाश झाला त्या दिवशी यहुदी लोक उपवास करतात. कोकणात त्या दिवसाला ‘बिरड्याचा सण’ हे नाव पडले, कारण त्या वेळी वालाचे बिरडे करण्याची चाल होती. पाहा, हजारो मैलांवरील एका मंदिराचा नाश आणि कोकणी घरातील वालाचे बिरडे! पंडितांना हे विचित्र वाटेल. पण मुलाला शोकाची तारीख लक्षात राहत नाही, त्या दिवशी काय शिजले ते राहते, हे प्रत्येक आईला ठाऊक असते. दिव्यांचा हनुक्का हा सण मात्र बेने इस्राएलांच्या जुन्या सणांत नव्हता. इ. स. पूर्वी १६४ मध्ये मक्काबी वीरांनी जेरुसलेमचे मंदिर परत मिळवून शुद्ध केले, त्याची ती आठवण आहे. त्यापूर्वीच हे लोक मूळ देशातून निघाले असावेत, असा तर्क काही अभ्यासकांनी यावरून केला आहे. न पाळलेला सणसुद्धा इतिहास सांगतो, तो असा.

या समाजातील हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी इतर समाजबांधवांच्या साहाय्याने १८७५ मध्ये मुंबईत बेने इस्राएल मुलांसाठी शाळा काढली. तिचे नाव ‘इस्राएलाइट स्कूल’. तेथे मराठी आणि इंग्रजीबरोबर हिब्रूही शिकविली जाऊ लागली. घरी जी प्रार्थना केवळ कानांनी ऐकलेली होती, तिचा अर्थ मुलांना वर्गात कळू लागला. केहीमकरांनी पुढे आपल्या समाजाचा इतिहासही लिहिला; तो त्यांच्या मृत्यूनंतर १९३७ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या माणसाने शाळा काढली त्यानेच इतिहास लिहावा, हा केवळ योगायोग मानता येणार नाही.

सणांचे आनंदी दिवस यहुदी शाळांत थोडे नाहीत. मंडपांच्या सणात शाळेच्या अंगणात झावळ्यांचे किंवा फांद्यांचे छप्पर घालून मांडव उभारतात, आणि त्या छपरातून आकाश दिसले पाहिजे असा नियम आहे. पुरीमच्या दिवशी मुले सोंगे घेऊन येतात. एस्तेर राणीची कथा वाचताना दुष्ट हामानाचे नाव आले की, सर्वांनी खुळखुळे वाजवून ते नाव बुडवून टाकावयाचे. वर्षभर ‘गप्प बसा’ म्हणणारे गुरुजी त्या दिवशी स्वतः खुळखुळा फिरवितात. या कथेच्या आरंभी राजाच्या राज्याची सीमा सांगताना ‘होदू’ या देशाचे नाव येते. होदू म्हणजे हिंदुस्थान. त्याच दिवशी शेजाऱ्यांस खाद्यपदार्थ पाठविणे आणि गरिबांना दान देणे हेही कर्तव्यच मानलेले आहे.

शाळेच्या सहलीतून एक राष्ट्रीय उत्सव कसा निर्माण होतो, याचे उदाहरण तर विशेष मनोरंजक आहे. यहुदी पंचांगात शेवाट महिन्याची पौर्णिमा हे झाडांचे नववर्ष मानतात. १८९० मध्ये जिख्रोन याकोव्ह या वसाहतीतील झेएव्ह याबेत्स नावाचे मुख्याध्यापक त्या दिवशी आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन बाहेर पडले आणि त्यांनी मुलांच्या हातांनी रोपे लावली. १९०८ मध्ये तेथील शिक्षकसंघाने ही प्रथा उचलली. आज इस्राएलमध्ये त्या दिवशी असंख्य शाळकरी मुले झाडे लावतात. त्या मुख्याध्यापकांनी त्या दिवशी भाषणही केले असेल. पण ते कोणाला आठवत नाही.

याच पौर्णिमेला कोकणात बेने इस्राएलांचा ‘एलियाहू हन्नाबीचा उरूस’ असतो. अलिबागजवळ खंडाळे नावाचे गाव आहे. हे बोरघाटातील खंडाळा नव्हे. तेथील खडकावरील खुणा एलियाहू संदेष्ट्याच्या रथाच्या आहेत, अशी या लोकांची श्रद्धा. भिजविलेले गोड पोहे, नारळ आणि फळे यांचा ‘मलिदा’ करून एलियाहूचे स्मरण करतात. जगातील इतर यहुद्यांत ही चाल नाही. दूरच्या संदेष्ट्याला त्यांनी पोहे-नारळाचा नैवेद्य दाखविला, आणि त्याला आपल्या गावचा करून घेतले.

परंतु सर्व स्मरणे गोड नसतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जर्मनीतील नाझी राजवटीने युरोपातील सुमारे साठ लाख यहुद्यांची हत्या केली. त्यांत सुमारे पंधरा लाख मुले होती. इस्राएलमध्ये निसान महिन्याच्या सत्ताविसाव्या दिवशी त्यांचे स्मरण करतात. १९५९ मध्ये त्यासाठी कायदा झाला. सकाळी दहा वाजता देशभर भोंगा वाजतो आणि दोन मिनिटे सारे थांबते. रस्त्यावरील मोटारी थांबतात, माणसे खाली उतरून उभी राहतात. शाळेतील मुले बाकांजवळ स्तब्ध उभी असतात. त्यानंतर नावे वाचली जातात. पंधरा लाख ही संख्या कोणाच्याही मनात मावत नाही. एक नाव, एक वय आणि एका गावाचे नाव मात्र मावते. वाचणाऱ्या मुलीचे वय आणि वाचलेल्या नावापुढील वय एकच निघाले, म्हणजे तिचा आवाज बदलतो. शिक्षकाला तेथे काही समजावून सांगावे लागत नाही.

त्या काळातील एक हकीकत भारतीय मुलांना माहीत असावी. पोलंडमधील वॉर्सा शहरात यानुश कोर्चाक हे डॉक्टर अनाथ यहुदी मुलांचा आश्रम चालवीत. मुलांचा स्वतःचा न्यायालयासारखा पंचमंडळ असावा, मुलांचे स्वतःचे वृत्तपत्र असावे, अशी त्यांची मते होती, आणि ती त्यांनी आचरणात आणली होती. नाझींनी वॉर्सातील यहुद्यांना एका कोंडलेल्या वस्तीत डांबले, तेव्हा आश्रमही तेथे गेला. अन्न नव्हते, औषध नव्हते. तशा स्थितीत १८ जुलै १९४२ रोजी आश्रमातील मुलांनी एक नाटक केले. ते होते रवींद्रनाथ ठाकुरांचे ‘डाकघर’. आजारी असल्यामुळे खोलीत अडकून पडलेला अमल खिडकीतून जग पाहतो आणि राजाच्या पत्राची वाट पाहतो. कोंडलेल्या वस्तीतील त्या मुलांना अमल समजण्यास काय अडचण पडली असेल? पुढे तीन आठवड्यांच्या आतच नाझींनी आश्रमातील सुमारे दोनशे मुलांना त्रेब्लिंका येथील मृत्यूछावणीत नेले. कोर्चाक यांना स्वतःचा जीव वाचविण्याची संधी होती. ती नाकारून ते मुलांबरोबर गेले.

एवढे भयंकर सत्य शाळकरी मुलांना सांगावे का? हा प्रश्न सोपा नाही, आणि खुद्द इस्राएलमध्येही त्यावर वाद आहेत. २०१४ मध्ये तेथील शिक्षण मंत्रालयाने बालवाडीपासूनच या विषयाची वयानुसार ओळख करून देण्याचे ठरविले, तेव्हा अनेक पालक अस्वस्थ झाले. त्यांची अस्वस्थता समजण्यासारखी आहे. चार-पाच वर्षांच्या मुलाला भोंगा का वाजतो एवढे हळुवारपणे सांगणे पुरे. अधिक सांगण्याची घाई कशासाठी? अकरा-बारा वर्षांच्या मुलाची गोष्ट वेगळी. जगात अन्याय आहे हे त्याला कळू लागलेले असते. शाळेने लपविले तर तो ते कोठून तरी अर्धवट ऐकेल. त्याला प्रेतांचे ढीग दाखविण्याची आवश्यकता नाही. कोर्चाक यांची मुले कोणते नाटक करीत होती, ती कशाने हसत असत, त्यांच्या वृत्तपत्रात काय छापून येई, हे सांगितले म्हणजे काय नष्ट झाले ते त्याला कळते. भीती दाखवून मिळविलेले स्मरण फार दिवस टिकत नाही; टिकले तर त्याचा द्वेष होतो.

अन्यायाची आठवण आणि द्वेष यांतील अंतर फार थोडे असते. जुन्या लोकांना हे धोक्याचे वळण दिसलेले होते. वल्हांडणाच्या रात्री मिसर देशावर कोसळलेल्या दहा संकटांची नावे घेताना, प्रत्येक नावाबरोबर पेल्यातील द्राक्षरसाचा एकेक थेंब बाहेर टाकतात. याचा एक अर्थ असा सांगतात की, आपली सुटका झाली तरी त्यासाठी दुसरी माणसे दुःखात पडली. म्हणून आपला आनंदाचा पेला काठोकाठ भरलेला असू नये. तुम्ही मिसर देशात परके होता, म्हणून परक्यावर जुलूम करू नका, अशी आज्ञाही यहुद्यांच्या धर्मग्रंथात पुनःपुन्हा येते.

आज्ञा असली तरी ती पाळणे कठीणच. इस्राएलमध्ये जाऊन राहिलेल्या बेने इस्राएलांनाच याचा अनुभव आला. तेथील काही धर्मगुरूंनी त्यांच्या यहुदीपणाविषयी शंका काढली आणि त्यांच्या विवाहांत अडथळे आणले. शतकानुशतके शनिवार पाळणाऱ्या लोकांनी आपण यहुदी आहोत हे सिद्ध करावे, असा तो प्रसंग! त्यांनी निदर्शने केली, आणि १९६४ मध्ये इस्राएल सरकारने ते सर्व दृष्टींनी यहुदीच आहेत असे जाहीर केले. छळ सोसलेल्या लोकांच्या हातूनही आपल्याच बांधवांवर अन्याय होऊ शकतो. मग परक्यांविषयी अधिकच जपावयास हवे.

त्या देशात आणखी एक दिवस असा आहे की, तो शाळेत साजरा करताना शिक्षकाची कसोटी लागते. १९४८ मध्ये इस्राएल स्वतंत्र राष्ट्र झाले. त्याच्या आदल्या दिवशी युद्धांत पडलेल्यांचे स्मरण करतात, आणि सूर्यास्त होताच शोक संपून उत्सव सुरू होतो. पण त्याच १९४८ च्या सुमाराच्या युद्धात सुमारे सात लाख पॅलेस्टिनी अरबांना घरे गमवावी लागली. एका घरातील मुले पताका लावतात, आणि दुसऱ्या घरातील आजोबा गेलेल्या घराची किल्ली जपून ठेवतात. जेरुसलेम आणि तेल अवीव यांच्यामधील नेवे शालोम या गावी १९८४ पासून यहुदी आणि अरब मुले एका शाळेत, दोन्ही भाषांतून शिकतात. अशा शाळेत हा दिवस पाळावयाचा म्हणजे दोन्ही आठवणी वर्गात आणाव्या लागतात. हे अवघड आहे, आणि पुढे तेथे झालेल्या युद्धांनी ते अधिकच अवघड केले आहे. तरीही जी शाळा दुसऱ्याची आठवण ऐकण्याचे टाळते, तिने आपल्या मुलांना अर्धेच शिकविले असे म्हणावे लागेल.

आता सहलींविषयी. इस्राएलमधील शाळांची वार्षिक सहल ही बरीचशी पायी असते. ज्या स्थळाची कथा, ती त्या स्थळी उभे राहून वाचावयाची, अशी तेथे जुनी पद्धत आहे. मृत समुद्राजवळच्या मसादा नावाच्या उंच गडावर मुले पहाटे सर्पमार्गाने चढून जातात आणि तेथून सूर्योदय पाहतात. रोमन सैन्याने या गडाला वेढा घातला, तेव्हा शरण जाण्याऐवजी आतील लोकांनी मरण पत्करले, असे योसेफस या प्राचीन इतिहासकाराने लिहिले आहे. १९६३ ते १९६५ या काळात तेथे मोठे उत्खनन झाले. योसेफसच्या हकीकतीतील काही भागाविषयी आता संशोधक शंका घेतात. मग मुलांना गडावर नेऊन काय सांगावे? योसेफस काय म्हणतो ते सांगावे, जमिनीत काय सापडले ते दाखवावे, आणि दोन्ही जुळतात का, हे त्यांनाच विचारावे. गड चढून थकलेल्या मुलाला असा प्रश्न घातला की तो दम खाता खाता विचार करू लागतो. १९६० नंतरच्या दशकात तेथील निसर्गसंरक्षकांनी रानफुले तोडू नयेत म्हणून मोहीम काढली. शाळकरी मुलांनी ती इतकी मनावर घेतली की, फूल तोडणाऱ्या मोठ्या माणसांनाही ती हटकू लागली. आपल्या गडांच्या तटांवर खिळ्याने कोरलेली नावे पाहिली म्हणजे या मुलांची आठवण होते.

अशा सहलीसाठी परदेशी जाण्याचे कारण नाही. मुंबईत मशीद बंदराजवळ सॅम्युएल स्ट्रीटवर ‘शार हारहामिम’ म्हणजे ‘दयेचे द्वार’ या नावाचे प्रार्थनामंदिर आहे. सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी ते १७९६ मध्ये स्थापन केले. बेने इस्राएल लोक आपल्या प्रार्थनामंदिराला मशीदच म्हणत, आणि तेथील स्थानकाचे नाव त्यावरूनच पडले असे सांगतात. पुण्यातील ‘लाल देऊळ’ हेही यहुद्यांचेच प्रार्थनामंदिर. रोज शेकडो मुले त्यावरून जातात; ते कोणत्या देवाचे देऊळ, असे किती जणांनी विचारले असेल?

केहीमकरांची शाळा मुंबईत माझगाव येथे आजही चालते. एका मोठ्या देणगीनंतर तिला सर एली कदूरी यांचे नाव देण्यात आले. भारत स्वतंत्र झाला तेव्हा सुमारे वीस हजारांच्या घरात असलेला बेने इस्राएल समाज पुढे बहुसंख्येने इस्राएलला गेला. येथे काही हजारच राहिले. शाळेतील बाकांवर आज बहुतेक इतर धर्मांची मुले, विशेषतः मुसलमान मुले, बसतात. ज्यांच्यासाठी शाळा काढली ते राहिले नाहीत, असे म्हणून कोणी हळहळतात. पण शाळा काढणाऱ्याचे स्मरण ती शाळा चालू राहण्यातच नाही काय? आपल्या शाळेला हे नाव का, असे तेथील एखाद्या मुसलमान मुलाने विचारले, तर त्याला केहीमकरांची सारी हकीकत सांगणे हे शिक्षकाचे कामच होय. ती ऐकण्याचा त्याचा अधिकार इतर कोणाहून तसूभरही कमी नाही.

जे गेले त्यांची नातवंडे-पतवंडे आता दिमोना, अश्दोद, बीरशेबा अशा शहरांतील शाळांत शिकतात. इस्राएलमधील शाळांत सातव्या इयत्तेच्या सुमारास मुलांना आपल्या घराण्याचा शोध घेऊन एक वही तयार करावयास सांगतात. आजी-आजोबांना विचारावयाचे, जुनी छायाचित्रे गोळा करावयाची, नकाशावर गाव शोधावयाचे. पोलंडहून आलेल्या घरातील मुलगा वॉर्सा शोधतो. बेने इस्राएल घरातील मुलगी नकाशावर अलिबाग शोधते, आणि तिचे बोट समुद्राच्या काठाकाठाने नवगावाकडे सरकते. आजी मराठीतून सांगू लागते, आई मध्येच हिब्रूत अर्थ सांगते. सण कोणते होते, असे मुलगी विचारते. आजी बिरड्याच्या सणाचे नाव घेते, वाल कसे भिजत घालावयाचे, मोड कसे आणावयाचे, ते हाताने सोलावे कसे लागतात, हे सांगत बसते. बिरडे या शब्दाला हिब्रूत नेमका प्रतिशब्द नाही. मुलगी तो हिब्रू अक्षरांत तसाच लिहून घेते, आणि वर्गात शिक्षकांनी विचारल्यावर तिला त्याचा अर्थ सांगावा लागतो.